डुकरांच्या नाकातल्या स्वॅबचा पीसीआर पॉझिटिव्ह आलाय, पेनिसिलिन सुरू करू का?

शिरूरजवळच्या तुमच्या फार्मवर दहा आठवड्यांच्या पिल्लांना कोरडा खोकला आहे. पाच पिल्लांचे नाकातले स्वॅब एकत्र करून पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी) केला, त्यात ग्लेसरेला पॅरासुइस सीटी 24 आणि मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी सीटी 36 आला. हे दोन्ही जंतू आहेत; सीटी म्हणजे डीएनए दिसेपर्यंत लागलेल्या फेऱ्या, आकडा जितका कमी तितका डीएनए जास्त. मी पुण्यात पशुवैद्यक आहे. असा रिपोर्ट घेऊन येणारे बहुतेक जण 24 बघून घाबरतात. मला काळजी वाटते ती 36 ची.

ग्लेसरेला निरोगी डुकराच्या नाकातही असतो. तिथे तो भरपूर सापडला म्हणून आजार त्याचाच ठरत नाही. हृदयाच्या आवरणात किंवा सांध्यात सापडला, तर गोष्ट वेगळी. मायकोप्लाझ्मा मात्र खाली श्वासनलिकेतल्या बारीक लवेला चिकटून राहतो, नाकात कमीच मिळतो. शिवाय पाचांपैकी एकच स्वॅब पॉझिटिव्ह असेल, तर एकत्र केल्यामुळे सीटी दोनेक अंकांनी वाढतो. त्यामुळे हा 36 किरकोळ समजू नका. (सीटी साधारण 3.3 ने कमी म्हणजे डीएनए दहापट. अर्थात मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा यात धरला जातो.)

पेनिसिलिन आत्ता नको. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच (पेशीची बाहेरची भिंत) नसते आणि पेनिसिलिनचा मारा नेमका तिच्यावर असतो.

आधी खोकणाऱ्या काही पिल्लांचे स्वॅब घशाच्या खालून, श्वासनलिकेतून, वेगवेगळे घ्यायला लावा. पिल्लू मेलंच, तर लगेच शवविच्छेदन करून घ्या; औषध न दिलेलं असेल तर उत्तम. फुप्फुसाच्या पुढच्या पाळ्यांचा खालचा भाग जांभळट-करडा आणि लिव्हरसारखा घट्ट लागला, तर संशय मायकोप्लाझ्मावर. स्वाइन फ्लूतही असंच दिसू शकतं, म्हणून त्याचीही चाचणी सांगा. हृदय-फुप्फुसावर पिवळट पापुद्रा असेल, तर ग्लेसरेलाचा विचार करावाच लागेल. आजारी आणि चांगल्या भागाच्या सीमेवरचा तुकडा बर्फात ठेवून पाठवा, पीसीआरसोबत कल्चरलाही (म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघायला). ग्लेसरेलासारख्या जंतूवर कोणतं औषध चालेल, हे कल्चरशिवाय कळत नाही. पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागात नमुना नेण्याआधी फोन करून कोणत्या तपासण्या होतात ते विचारा.

एक मात्र पाळाच. जोराचा ताप, कातडीवर लाल-निळे चट्टे आणि पटापट मरतूक दिसली, तर शव उघडू नका, जनावरं हलवू नका. तो आफ्रिकन स्वाइन फीव्हर असू शकतो. तडक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.