वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यातला नेक, मंडपातला करंट

प्रश्न : माझा चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बास गिटार सहा वर्षं जुना आहे. एप्रिल-मेमध्ये फ्रेटची (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं तळहाताला टोचतात आणि ई तार पहिल्या चार-पाच फ्रेटवर करकरते. दुरुस्तीवाले म्हणतात, सगळे फ्रेट घासून घ्या, नाहीतर नेक (दांडी) बदला. काय करू? (मानेवाडा)

उत्तर : दोन्ही नको, निदान आत्ता तरी नको. टोचणं आणि करकरणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, पण मूळ एकच : नागपूरचा उन्हाळा. मेच्या दुपारी इथली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते. फिंगरबोर्डचं (फ्रेट बसवलेल्या फळीचं) लाकूड रुंदीत आकसतं, फ्रेटची धातू आकसत नाही, म्हणून टोकं बाहेर डोकावतात. त्यासाठी फक्त टोकं बारीक कानशीने मारून घ्यावीत, आणि ती उन्हाळ्यातच. लाकूड सगळ्यात जास्त आकसलेलं असताना टोकं बसवली की पुन्हा टोचत नाहीत. फ्रेटचा माथा घासायचं काम नाही.

करकरीचं कारण बहुतेक नेकच्या वळणात आहे. ते वळण नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, म्हणजे ट्रस रॉडने, कमी-जास्त करता येतं. कोरड्या हवेत नेक नक्की कुठल्या बाजूला वळेल हे लाकडाच्या रेषांवर आणि फिनिशवर ठरतं. तेव्हा 'उन्हाळ्यात रॉड इतका फिरवायचा' असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि घरी येऊन मोजा.

मोजायचं असं. तारा नेहमीच्या सुरात लावा. बास वाजवताना धरता तसाच धरा. टेबलावर आडवा ठेवला तर माप फसतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर ई तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा व तारेची खालची बाजू यांच्यातली फट बघा. ०.३ मिलिमीटरच्या आसपास हवी. मोटरसायकलचा व्हॉल्व्ह सेट करायला मेकॅनिक जो फीलर गेज वापरतात, त्याचं ३० नंबरचं पातं इथे चालतं. ते तारेला न उचलता जेमतेम सरकलं पाहिजे.

फट जवळपास शून्य असेल तर नेक मागे वळलाय. ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा सैल करा. फट अर्धा मिलिमीटरच्या वर गेली असेल तर घड्याळाच्या दिशेने पाव फेरा आवळा, पण आधी तारा थोड्या ढिल्या करून. पुन्हा सूर लावा, तासाभराने पुन्हा मोजा. एका बैठकीत अर्ध्या फेऱ्याच्या पुढे जाऊ नका. ॲलन की (षटकोनी चावी) रॉडच्या नटमध्ये घट्ट बसायला हवी. इंची नटात मिलिमीटरची की घातली की नटाचे कोपरे गोल होतात, आणि मग खरंच नेक बदलायची वेळ येते. रॉड आवळूनही फरक पडत नसेल, नट जड लागत असेल, तर तिथेच थांबा.

नेक जागेवर आल्यावरच तारांची उंची बघायची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ आणि जी तारेखाली २ मिलिमीटर ही फेंडरची कारखान्यातली मापं सुरुवातीला धरा. हात जड असेल तर थोडी वाढवा. एवढं झाल्यावरही एकाच फ्रेटवर करकर राहिली, तर तो फ्रेट उठलाय. मग खुशाल दुरुस्तीवाल्याकडे जा.

हीच मोजणी मेमध्ये एकदा आणि पाऊस स्थिरावल्यावर जुलैच्या अखेरीस एकदा करा. बास कूलरच्या झोतात ठेवू नका, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर टांगू नका, आणि माळ्यावर तर नकोच. केसमध्ये भोकं पाडलेल्या साबणदाणीत घट्ट पिळलेला स्पंज ठेवला तर उन्हाळा निभतो. पावसाळ्यात तोच काढून सिलिका जेलच्या पुड्या टाका.

प्रश्न : गणपतीच्या कार्यक्रमात बास वाजवताना ओठ माइकला लागला की झटका बसतो. साउंडवाले म्हणतात, अँपच्या प्लगची अर्थची पिन काढा, घरघरही जाईल. काढू का? (महाल)

उत्तर : मुळीच नाही. हा सल्ला जीवघेणा आहे.

बासच्या तारा ब्रिजमार्गे, लीडच्या (बास ते अँपच्या केबलच्या) जाळीतून अँपच्या चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेल्या असतात. माइकची जाळी मिक्सरच्या चेसिसला. दोन्ही चेसिस एकाच अर्थवर असतील तर त्यांच्यात फरक शून्य. मंडपात अँप एका बोर्डवर, मिक्सर दुसऱ्यावर आणि एकाची अर्थ तुटलेली असली, की फरकाचा प्रवाह तुमच्या हातातून ओठांकडे जातो. पिन काढल्यावर घरघर जाते ते खरं, पण अँपमध्ये बिघाड झाला तर चेसिसवर आलेल्या फेजला जायला तुमच्याशिवाय वाटच उरत नाही.

वाजवण्याआधी मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेट तपासा. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ पाचपेक्षा कमी. फेज ते अर्थ ८०-१२० असं तरंगतं माप आलं तर त्या पिनमागे अर्थच नाही. सॉकेट तीन भोकांचं आहे म्हणून फसू नका. मग मीटरची एक सळई बासच्या तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावा. दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसलं तर स्टेजवर चढू नका. स्टेजवरचे सगळे अँप आणि मिक्सर एकाच वितरण बोर्डवरून, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागून (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) घ्यायला लावा. जनरेटर असेल तर त्याची अर्थची सळई जमिनीत खरोखर ठोकलेली आहे ना, डोळ्यांनी बघा.

घरघरीसाठी डीआय बॉक्सवरचं (बासचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटन दाबा. ते फक्त सिग्नलची जाळी तोडतं, मुख्य अर्थला हात लावत नाही. तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल तर वायरिंग ठीक आहे, बासच्या पोकळीत तांब्याची पट्टी लावायची गरज आहे. पट्टीचे तुकडे एकमेकांना सोल्डरने जोडा आणि एक वायर व्हॉल्यूम पॉटच्या पाठीला न्या. जॅझ बास (तारांची कंपनं टिपणाऱ्या दोन कॉइलचा, दोन व्हॉल्यूमचा) असेल तर आधी दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून ऐका. दोन कॉइलची घरघर एकमेकींना मारते, एक व्हॉल्यूम उतरवला की ती परत येते.

प्रश्न : ॲक्टिव्ह बासची ९ व्होल्टची बॅटरी, वाजवा की न वाजवा, तीन आठवड्यांत संपते. सर्किट खराब? (हिंगणा रोड)

उत्तर : आधी विचारतो : वाजवून झाल्यावर लीड बासमधून काढता का? अशा बासमध्ये वेगळा स्विच नसतो. जॅक स्टीरिओ असतो, बॅटरीची ऋण वायर त्याच्या मधल्या टोकाला असते, आणि मोनो प्लग घुसला की तो ते टोक जमिनीला (सर्किटच्या ग्राउंडला) जोडतो. म्हणजे लीड लावलेली तोवर बास चालू. बहुतेक प्रीअँप (बासमधलं बॅटरीवरचं सर्किट) एक मिलिअँपिअरच्या आसपास घेतात आणि अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास असतात, म्हणजे सलग २० दिवस. तुमचा हिशेब तंतोतंत जुळतो.

लीड काढूनही संपत असेल तर कुणीतरी जॅक बदलताना साधा मोनो बसवून ऋण वायर थेट जमिनीला डकवली असणार. झाकण उघडा, जॅकला तीनऐवजी दोनच टोकं दिसली की चोर सापडला. नवा स्टीरिओ जॅक बसवा.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, हात लहान. पहिला बास कोणता? घरात गिटारचा अँप आहे, तो चालेल? (धरमपेठ)

उत्तर : ३० इंच स्केलचा (स्केल म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी), चार तारांचा, पॅसिव्ह. नेहमीचं स्केल ३४ इंच असतं. पहिल्या तीन फ्रेटवर लहान बोटांना ते चार इंच फार जाणवतात. तारा मात्र शॉर्ट स्केलच्याच घ्या. घेताना नेकच्या टोकाकडून डोळा लावून पीळ बघा. वळण रॉडने सुटतं, पीळ सुटत नाही. गिटारचा अँप सरावाला चालेल, आवाज बोलण्याइतकाच ठेवून. खुल्या ई तारेची कंपनं सेकंदाला ४१. छोट्या स्पीकरचा कोन त्यासाठी प्रमाणाबाहेर हलतो, आवाज वाढवला की फाटतो.

प्रश्न : पावसाळ्यात तारा गंजतात. उकळून पुन्हा वापरू का? (कामठी)

उत्तर : उकळल्याने मळ निघतो, पण पावसाळी हवेत गुंडाळीच्या आत पाणी राहतं आणि गाभा गंजतो. त्यापेक्षा बूच लावलेल्या पीव्हीसी पाइपात डिनेचर्ड स्पिरिट भरून तारा एक दिवस बुडवा, गॅसपासून लांब. चमक काही आठवडे टिकेल. गंजाचे डाग पडले असतील तर मात्र टाकून द्या, ते फ्रेट खातात. नवी तार कापताना आधी कापायच्या जागी काटकोनात वाकवा, मग वाकणाच्या पलीकडे कापा. सरळ कापली तर गुंडाळी सैल होऊन तार पहिल्याच दिवशी मुकी होते. फ्लॅटवाउंड (सपाट पट्टीच्या गुंडाळीच्या तारा) लावणार असाल तर ताण बहुधा वाढतो, तेव्हा वरची फीलर गेजची मोजणी पुन्हा करा.