दाणा दिसतो, कूट दिसत नाही

चाळिशीत ॲलर्जीने शेंगदाणा बंद झाला, हे तुला आता पटत नाहीये, तसं वर्षभर मलाही पटत नव्हतं. घरचे म्हणतील, "इतकी वर्षं खाल्लास की!" म्हणू दे. ॲलर्जी कुठल्याही वयात उपटते. फक्त अंदाजाने दहा पदार्थ सोडू नकोस. ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून तपासून घे, आणि "बघू जरासा खाऊन" हा प्रयोग घरी तर अजिबात नको.

तुझा खरा वैरी कूट. वांग्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी, उपासाची आमटी. नाशकात मिसळ खायला गेलास की "दाणे आहेत का?" विचारू नकोस, "नाही" म्हणून मोकळे होतात. वाटणात कूट आहे का, फरसाण कशात तळलंय, हे विचार. पंचवटीत एकाने माझ्यासमोर चिवड्यातले दाणे बोटांनी वेचले आणि प्लेट पुढे सरकवली, "घ्या, काढले!" मी पाणी पिऊन उठलो. एकादशीला आता डबा घरचाच, वरीचा भात नि ताक.

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे पित्त म्हणून आमसूल चोळतात. पण ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, श्वास लागला किंवा भोवळ आली, तर थेट 108. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं. खाजेची गोळी पुरत नाही. बरं वाटलं तरी लगेच घरी पळू नकोस, काही तासांनी त्रास उलटू शकतो.

आणि हो, ऑफिसच्या डब्यात शेजारच्याचा चमचा घेऊ नकोस.