त्वचेवर जंतू असतातच, तर जंतुनाशक साबणाने ते रोज मारून टाकावेत का? मग संसर्ग होणार नाही ना?

नाही. ते मरून संपतही नाहीत, आणि संपवायच्या मागे लागूही नये. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी येतो.

पहिल्या वर्षाची मुलं अगारच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर अंगठा टेकवतात, एकदा न धुता आणि एकदा साबणाने धुऊन. ३७ अंशांवर रात्रभर ठेवलं की दोन्हीकडे जंतूंच्या वसाहती उगवतात. धुतलेल्या अंगठ्याखाली टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके बघून मुलं हबकतात. ते बहुतेक स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या जंतूचे असतात. धुण्याने बाहेरून चिकटलेले जंतू जातात. हे मात्र कातडीच्या खवल्यांत मुक्कामाला असतात.

ते तिथे असणं आपल्या फायद्याचं आहे. तेलग्रंथींत राहणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस हा जंतू त्वचेवरचं तेल फोडून स्निग्धाम्लं बनवतो. त्वचा आम्लधर्मी, म्हणजे सामू (pH) ५ च्या आसपास राहायला त्याचा हातभार लागतो, आणि बऱ्याच रोगजंतूंना ते मानवत नाही. मुरुमांतही हाच सापडतो, तेव्हा चांगले जंतू आणि वाईट जंतू अशी वाटणी इथे टिकत नाही. एपिडर्मिडिस तर कातडीवर निरुपद्रवी असतो, पण रुग्णाच्या शिरेत घातलेल्या नळीवर थर धरून बसला की रक्तात संसर्ग करतो.

म्हणून संसर्ग झाला की कातडी कुठे फाटली ते आधी शोधावं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू साधारण तीनांतल्या एकाच्या नाकात काहीही त्रास न देता असतो. नाकात गेलेल्या बोटाने खाजवताना ओरखडा उठला, दाढी करताना कापलं, नखाची कड कुरतडली, की त्याला वाट मिळते आणि केसतूड, गळू किंवा नखुरडं होतं.

सगळ्यांत दुर्लक्षित जागा म्हणजे पायाच्या बोटांमधली बेचकी. आत्ताच करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट फाकवून बघा. कातडी पांढरट, ओलसर, सोलवटलेली असेल आणि मध्ये बारीक चीर असेल, तर बहुधा बुरशी आहे. नुसती खाज सुटते म्हणून लोक ती वर्षानुवर्षं अंगावर काढतात. त्या चिरेतून स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू आत शिरला की पोटरी लाल, गरम होऊन सुजते. हाच सेल्युलायटिस. अँटिबायोटिकने तो बरा होतो, पण बुरशी तशीच राहिली तर चीरही राहते आणि तो पुन्हा होऊ शकतो. मधुमेहात पायाची संवेदना गेली असेल तर चीर दुखतच नाही, म्हणून अशा रुग्णांनी पाय रोज डोळ्यांनी तपासायलाच हवेत.

नायट्यावर मनाने स्टेरॉइडचं मलम लावू नका, ही माझी कळकळीची विनंती. खाज थांबते, लाली उतरते, आणि बुरशी खालून पसरत राहते.

साबण साधाच पुरतो. ट्रायक्लोसानसह १९ जंतुनाशक घटकांपैकी एखादा असलेल्या साबणांवर अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१६ मध्ये बंदी आणली, कारण घरगुती वापरात साध्या साबणापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो हे कंपन्यांना दाखवता आलं नाही. अंघोळीनंतर बेचक्या कोरड्या करा, आणि त्वचा कोरडी पडून तडकत असेल तर मॉइश्चरायझर लावा.

कुठे लाली पसरतेय असं वाटलं तर तिच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. लाली रेघेबाहेर सरकली किंवा ताप चढला, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.