बिलेट किती तापवावं?

प्रश्न : २०एमएनसीआर५ या गिअरसाठीच्या पोलादाचे बिलेट (कापलेले तुकडे) आम्ही इंडक्शनवर (विजेच्या कॉइलमध्ये) १२५० अंश सेल्सिअसला तापवतो आणि प्रेसवर दाबून त्यांचे गिअर ब्लँक (दाते पाडण्याआधीचे गिअर) फोर्ज करतो. तापमान उतरवलं तर वीज वाचेल का?

उत्तर : वाचेल, पण बेतानं. १०० अंश उतरवल्यास टनामागे सुमारे १८ युनिट विजेइतकी उष्णता कमी लागते. कॉइलमधली गळती धरली तर मीटरवर २५-३० युनिट. शिवाय खपली (तापलेल्या पोलादावर धरणारा ऑक्साइडचा थर) कमी धरते, म्हणजे डाय (आकार देणारा साचा) कमी घासते. मात्र पोलाद कडक राहतं, प्रेसवरचा टनेज (दाबाचा भार) चढतो आणि डायचे कोपरे अर्धवट भरतात. म्हणून २०-२० अंशांनी उतरा, दर टप्प्याला टनेज आणि कोपरे तपासा. पायरोमीटर (लांबून तापमान मोजणारं उपकरण) आधी पारखून घ्या. खपलीवर नेम धरला तर तो कमी तापमान दाखवतो. आणि प्रेस थांबली की तापवलेले बिलेट गार होतात आणि पुन्हा तापवावे लागतात, खरी वीज तिथंच जाते!