८९ टक्के म्हणजे किती दिवस?

प्रश्न : माझा कराडला लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आहे. अडीच वर्षांपूर्वी एडिटिंगच्या पीसीत ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी वेगवान डिस्क) बसवली. परवा भाच्याने क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून दाखवलं, तर ‘गुड ८९%’. अडीच वर्षांत अकरा टक्के गेले! स्क्रीनचा फोटो पाठवतोय. ऐन लग्नसराईत बंद पडली तर? आत्ताच बदलू का? — एक वाचक, कराड

उत्तर : दादा, डिस्क बदलू नका. यूपीएसची बॅटरी बदला. असं का म्हणते, ते तुमच्याच फोटोतल्या आकड्यांवरून सांगते.

आधी तो ८९. एसएसडी आपल्या झिजेचा अंदाज ‘पर्सेंटेज यूज्ड’ या ओळीत देते. तुमच्याकडे तिथे ११ आहे. सॉफ्टवेअर ते शंभरातून वजा करून दाखवतं. डिस्कमधल्या फ्लॅश चिपच्या पेशीत, म्हणजे डेटा साठवण्याच्या सूक्ष्म खान्यात, जुनं पुसून नवं लिहिलं की ती दर वेळी थोडी झिजते. पाटा गुळगुळीत झाला तर टाकी लावून घेता येतो, या पेशींना टाकी नाही. म्हणून कंपनी किती लिखाण चालेल ते आधीच सांगून ठेवते. तुमच्या मॉडेलला ३०० टीबीडब्ल्यू आहे : ३०० टेराबाइट लिहून होईपर्यंत किंवा पाच वर्षं, जे आधी होईल तोवर वॉरंटी.

आता ‘डेटा युनिट्स रिटन’ची ओळ पाहा. आकडा ६,२५,००,०००. एक युनिट ५,१२,००० बाइटचं असतं, त्यामुळे गुणाकार केला की बरोबर ३२ टेराबाइट येतात. ३०० मधले ३२, म्हणजे जवळजवळ अकरा टक्के. हिशोब जुळला. नेहमी इतका नेमका जुळत नाही, कारण डिस्क आतल्या आतही डेटा इकडचा तिकडे हलवत असते आणि ते लिखाण या ओळीत येत नाही. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर ही हलवाहलव वाढते, म्हणून थोडी जागा कायम मोकळी ठेवत जा. महिन्याला तुमचं लिखाण एक टेराबाइटच्या थोडं वर आहे. याच वेगाने उरलेले २६८ संपायला वीस वर्षं लागतील. शिवाय ‘पर्सेंटेज यूज्ड’ शंभरावर पोचलं म्हणून डिस्क त्या दिवशी बंद पडत नाही. तो आकडा पुढे २५५ पर्यंत जाऊ शकतो.

‘अव्हेलेबल स्पेअर’ १०० आणि त्याची धोक्याची रेघ १०. म्हणजे राखीव पेशींना अजून हातही लागलेला नाही. ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’, म्हणजे डेटा बिघडल्याच्या चुका, शून्य. या ओळीवर मात्र कायम लक्ष असू द्या. इथे शून्याचा एक झाला तरी त्याच दिवशी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, टक्के कितीही असोत. त्याखालच्या ‘एरर इन्फर्मेशन लॉग’मधल्या १,६१२ ने घाबरू नका. डिस्कला न कळणारी आज्ञा एखाद्या सॉफ्टवेअरने दिली तरी तिथे नोंद वाढते.

मला खटकली ती ‘अनसेफ शटडाउन्स’ची ओळ. २१४! ‘पॉवर सायकल्स’, म्हणजे डिस्क चालू झाल्याच्या वेळा, १,१३० आहेत. म्हणजे दर पाचसहा वेळांत एकदा तुमच्या डिस्कची वीज तिला कळवल्याशिवाय गेली. लाइट गेली आणि यूपीएसने मान टाकली, हेच होत असणार. पीसी अडकला म्हणून बटण दाबून बंद केला तरी हा आकडा वाढतो. घरगुती एसएसडीत लिहायला घेतलेला डेटा क्षणभर तात्पुरत्या मेमरीत असतो. सर्व्हरच्या डिस्कमध्ये अशा वेळेसाठी क्षणभर वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर बसवलेले असतात, आपल्या साध्या डिस्कमध्ये बहुधा नसतात. एक्स्पोर्ट चालू असताना लाइट गेली, तर ती फाइल जाईलच, पण कुठला डेटा कुठे ठेवलाय हे सांगणारा डिस्कच्या आतला तक्ताही बिघडू शकतो. या झटक्यांचा हिशोब ८९ टक्क्यांत कुठेही धरलेला नाही.

पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या माझ्या दुकानात दोन वर्षांपूर्वी एक शिक्षिका आल्या होत्या. त्यांच्या मोबाइलमध्ये आठ दिवसांपूर्वीचा फोटो होता : ‘गुड ९८%’. आणि डिस्क? पीसी सुरू होतानाच्या बायोस सेटिंगमध्येसुद्धा दिसत नव्हती. कंट्रोलर, म्हणजे डिस्क चालवणारी चिप, गेला होता. मुलीच्या बारशापासूनचे फोटो एवढ्या एकाच ठिकाणी होते. त्यातलं मी काहीही परत देऊ शकले नाही आणि ती दुपार मला अजून विसरता येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये हेवलेट पॅकार्ड एंटरप्राइझने स्वतःच जाहीर केलं होतं, की आपल्या काही सर्व्हर एसएसडी फर्मवेअरमधल्या, म्हणजे डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरमधल्या, चुकीमुळे ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील. तीन वर्षं, २७० दिवस, आठ तास. तिथे पेशी किती झिजल्यात याचा प्रश्नच नव्हता. म्हणून टक्के चांगले दिसले तरी दुसरी प्रत हवीच.

तुमच्या बाबतीत सांगायचं, तर लग्न शूट करून आलात की कार्डावरचं सगळं एसएसडीवर आणि लगेच एका साध्या हार्ड डिस्कवर उतरवा. दोन्हीकडे फाइल उघडून पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. काम पोचवून झालं की आणखी एक प्रत घरी न्या, स्टुडिओत नको. दर महिन्याच्या एक तारखेला या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. मला एका फोटोपेक्षा सहा महिन्यांचे सहा फोटो जास्त सांगतात. यूपीएस बदलल्यावर २१४ कमी होणार नाहीत, पण ते तिथेच थांबायला हवेत.

प्रश्न : माझ्या सॅटा (केबलने बोर्डाला जोडायच्या) एसएसडीत ‘सी७ सीआरसी एरर काउंट’समोर ‘२एफ’ दिसतं. डिस्क खराब झाली का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : ‘२एफ’ हा सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा आहे, म्हणजे आपले ४७. क्रिस्टलडिस्कइन्फोच्या फंक्शन मेन्यूत अॅडव्हान्स्ड फीचर, तिथे रॉ व्हॅल्यूज आणि १० निवडा, मग सगळे आकडे नेहमीसारखे दिसतील. ही ओळ डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यातल्या वाटेत डेटा बिघडल्याबद्दल बोलते, पेशींबद्दल नाही. बहुतेक वेळा दोष सॅटा केबलचा निघतो : सैल बसलेली किंवा दुमडलेली. आजचे ४७ वहीत लिहा, नवी केबल लावा, पंधरा दिवसांनी पाहा. आकडा मागे येत नाही, त्यामुळे ४७ वरच राहिला तर काम झालं. वाढलाच, तर बोर्डावरच्या दुसऱ्या सॅटा पोर्टात जोडून बघा.