गाडी माझी, चावी माझी, तरी चोरी?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. माझ्याकडे १९८४ची सिट्रोएन सीएक्स २५ जीटीआय आहे. चालताना दगडासारखी कडक लागायला लागली म्हणून सगळे स्फीअर (सस्पेन्शनमधले दाबाखालच्या वायूचे गोळे) बदलायला एका गॅरेजला दिली. 'हायड्रॉलिक सिट्रोएन आम्ही वर्षानुवर्षं करतो' असं त्यांनी ईमेलमध्ये लिहिलं होतं आणि ६८० पौंडांचं एस्टिमेट दिलं होतं. १५० पौंड मी क्रेडिट कार्डाने आगाऊ भरले. अकरा आठवड्यांनी बिल आलं ते २,८७० पौंडांचं. त्यात पंप आहे, स्टीअरिंगची सीलं आहेत, पाइप आहेत. जॉबशीटवर 'डॉट ४ ब्रेक फ्लुइड, १ लिटर' अशी एक ओळ आहे. मध्ये एकदा त्यांचा फोन आला होता, तेव्हा कामाच्या गडबडीत मी 'काय लागेल ते करा' म्हणून गेलो. आता पूर्ण पैसे दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, रोजचे १८ पौंड जागाभाडं लावतात आणि गाडी विकून टाकू म्हणतात. दुसरी चावी माझ्याकडे आहे आणि त्यांचं आवार रात्री उघडंच असतं. माझीच गाडी मी घेऊन आलो तर काय बिघडलं?

उत्तर : आधी ती चावी बायकोकडे द्या आणि कुठे ठेवली ते विचारू नका.

तुमच्या मनात आलं तेच १९६९ साली लंडनमध्ये टर्नर नावाच्या एका गाडीमालकाने केलं होतं. दुरुस्ती जवळपास झाली होती, गाडी गॅरेजबाहेर रस्त्यावर उभी होती. पैसे न देता, स्वतःच्या जादा चावीने तो ती घेऊन गेला. त्याच्यावर चोरीचा खटला चालला आणि १९७१ मध्ये अपील कोर्टाने त्याला दोषी ठरवणारा निकाल कायम ठेवला. कारण इथल्या १९६८च्या चोरीच्या कायद्यात वस्तू 'कोणाची' हे ठरवताना मालकी एवढंच बघत नाहीत. ताबा किंवा नियंत्रण ज्याच्याकडे, त्याचीही ती मानतात. अप्रामाणिक हेतू सिद्ध व्हावा लागतो हे खरं, पण रात्री, दबक्या पावलांनी, बिल चुकवून आणलेल्या गाडीबद्दल मॅजिस्ट्रेटला ते समजावण्याची वेळ तुमच्यावर का यावी? बाजू तुमची इतकी भक्कम आहे की ती एका रात्रीत नासवू नका.

आता बाजू भक्कम का, ते सांगते. सीएक्समध्ये सस्पेन्शन, ब्रेक आणि स्टीअरिंग हे तिन्ही एकाच दाबाच्या तेलावर चालतात. ते तेल म्हणजे एलएचएम, हिरव्या रंगाचं खनिज तेल, आणि सगळी सीलं त्याच्यासाठी बनवलेली. डॉट ४ हे ग्लायकॉलचं. ते या सीलांना लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि गळायला लागतं. गॅरेजवाला कदाचित म्हणेल की जुन्या सिट्रोएनमध्ये ब्रेक फ्लुइडच्या जातकुळीचंच द्रव असायचं. अर्धं खरं आहे. सिट्रोएनच्याच डीएस या जुन्या मॉडेलच्या सुरुवातीच्या गाड्यांमध्ये होतं. पण १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनी एलएचएमवर आली आणि सीएक्स बाजारात आली १९७४ मध्ये. तिच्यात पहिल्या दिवसापासून हिरवंच. 'वर्षानुवर्षं करतो' म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो दोष गाडीच्या वयाचा नाही.

ते ईमेल जपून ठेवा. २०१५च्या ग्राहक हक्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे, व्यावसायिकाने स्वतःबद्दल किंवा सेवेबद्दल जे सांगितलं आणि ज्यावर विसंबून तुम्ही काम दिलं, ते कराराची अट बनतं. कलम ४९ तर आहेच : काम वाजवी काळजी आणि कौशल्याने व्हायला हवं. याच्या जोडीला एक जुना नियम तुमच्या मदतीला येतो. सांभाळायला किंवा दुरुस्तीला सोपवलेल्या वस्तूचं नुकसान झालं, तर आपण योग्य काळजी घेतली हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्या ताब्यात ती होती त्याच्यावर येते. म्हणजे सीलं कशी गेली हे तुम्ही शोधत बसायचं नाही, त्यांनी सांगायचं. आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच जॉबशीटवर लिहिलेलं आहे!

दुखरी जागा एकच, तो तुमचा फोन. 'काय लागेल ते करा' हे वाक्य माझ्या अशिलांनी मला न विचारता किती वेळा उच्चारलंय, त्याचा हिशेब मी सोडून दिलाय. एस्टिमेट म्हणजे कोटेशन नव्हे, आकडा वरखाली होऊ शकतो. आणि त्यावर तुम्ही जादा कामालाही होकार दिलात असं ते म्हणणार. पण त्या वाक्याने त्यांना हवा तो आकडा लिहायची मुभा मिळाली, असं नाही. दर ठरलेला नसेल तर कलम ५१ प्रमाणे वाजवी तेवढंच देणं लागतं. शिवाय स्वतःच्या चुकीने नासलेला पंप बदलण्याचे पैसे मागता येत नाहीत, आणि तुम्ही हो म्हणालात तेव्हा पंप का गेला हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं का? फोन कधी आला, काय बोलणं झालं, हे आजच आठवून लिहून ठेवा, तारखेसह.

गाडी अडवून ठेवण्याचा हक्क, ज्याला लिएन म्हणतात, तो दुरुस्ती करणाऱ्याला इथे खरोखर आहे. पण फक्त त्या कामाच्या रास्त पैशांपुरता. रोजचे १८ पौंड त्यात बसत नाहीत : स्वतःच्या फायद्यासाठी वस्तू अडवून ठेवणाऱ्याला त्या अडवणुकीचं भाडं मागता येत नाही, हे हाउस ऑफ लॉर्ड्सने १८६० मध्येच एका जहाजाच्या प्रकरणात ठरवलंय. तुम्ही सही केलेल्या कागदावर किंवा त्यांच्या छापील अटींमध्ये जागाभाड्याचं काही लिहिलंय का, तेवढं मात्र तपासा. लिहिलं असलं तरी ती अट न्याय्य आहे का हा प्रश्न उरतो, पण मग भांडण लांबतं.

आणि विकण्याची धमकी? नुसत्या लिएनने विकायचा अधिकार मिळत नाही. १९७७च्या कायद्याखाली न नेलेली वस्तू विकता येते, पण देणं बाकी असेल तर किमान तीन महिन्यांची रीतसर नोटीस लागते. आणि बिलाबद्दल मालकाने वाद काढलेला असताना ती नोटीस देताच येत नाही. म्हणून 'हे बिल मला मान्य नाही' हे वाक्य आज रात्री झोपण्याआधी त्यांना लेखी गेलं पाहिजे. सगळ्या पत्रव्यवहारात याच्याइतकं निकडीचं दुसरं काही नाही.

त्याच पत्रात ५३० पौंड देऊ करा, म्हणजे ६८०मधून आगाऊ दिलेले १५० वजा जाता. चूक त्यांची असताना हेही का द्यायचं, असं तुम्हाला वाटेल. पण रास्त रक्कम समोर ठेवूनही त्यांनी गाडी अडवली तर लिएनचा पायाच ढासळतो. 'हक्क राखून देत आहे' असं लिहायला विसरू नका. पत्राला 'लेटर बिफोर क्लेम' (दाव्याआधीची नोटीस) असं शीर्षक द्या, उत्तराला १४ दिवसांची मुदत द्या. काढलेला पंप, जुनी सीलं आणि स्फीअर टाकू नयेत असंही त्यात बजावा. हायड्रॉलिक तेलाच्या टाकीतल्या द्रवाचा नमुना दोघांसमोर स्वच्छ काचेच्या बाटलीत घ्यायला सांगा. डॉट ४ खनिज तेलात मिसळत नाही आणि त्यापेक्षा जड असतं, त्यामुळे बाटली स्थिर ठेवली की ते सहसा तळाशी वेगळं दिसतं. न्यायाधीशाला सीएक्स कळायची गरज नाही, बाटली पुरते. तपासायला सिट्रोएन जाणणारा त्रयस्थ माणूस बोलवा, पण गॅरेजलाही त्या वेळेची सूचना द्या, नाहीतर पुढे 'एकतर्फी' म्हणून ओरड होते.

मुदतीत काही झालं नाही तर कोर्ट. गाडी परत हवी आणि वादाची रक्कम जास्त वाटत असेल, तर ती कोर्टात भरून गाडी सोडवून घेण्याचा अर्ज करता येतो. वाद मग सावकाश चालू दे. नुसता पैशांचा दावा १०,००० पौंडांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांच्या सोप्या प्रक्रियेत जातो. तिथे २०२४च्या मेपासून टेलिफोनवरची मोफत मध्यस्थी सक्तीची आहे, आणि बऱ्याच गॅरेजांचा ताठा त्या एका तासात उतरतो. जिंकलात तरी वकिलाची फी तिथे वसूल होत नाही, म्हणून माझ्यासारखीला नेमू नका, स्वतः लढा.

ते १५० पौंड कार्डाने भरलेत हे फार बरं झालं. ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे कामाची किंमत १०० पौंडांच्या वर आणि ३०,०००पर्यंत असेल, तर थोडेच पैसे कार्डाने दिलेले असले तरी करारभंगाबद्दल कार्ड कंपनीही तितकीच जबाबदार धरता येते. फक्त कार्ड तुमच्याच नावावरचं होतं ना, ते बघा. गॅरेज दिवाळखोरीत गेलं तर हाच तुमचा आधार.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

शेवटी, गाडी हातात आली की आनंदाच्या भरात चालवत घरी आणू नका. चाळीस वर्षांवरच्या गाडीला सहसा एमओटी, म्हणजे दरवर्षीची सक्तीची तपासणी, लागत नाही, पण धोकादायक अवस्थेतली गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहेच, आणि ज्या तेलात भेसळ झालीय त्याच तेलावर तुमचे ब्रेक आहेत. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, मागवा. दाब नसला की सीएक्स पोटावर बसते आणि साध्या पद्धतीने ओढायला गेलं की पुढचा बंपर जातो, हे रिकव्हरीवाल्याला फोनवरच सांगा. त्याची पावती दाव्याच्या फाइलीत लावा.