डिजिटल ग्रंथपालाने आधी काय शिकावे?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात डिजिटल विभागाची जबाबदारी मिळाल्याबद्दल आपले मनापासून अभिनंदन. कोहा (ग्रंथालय व्यवस्थापनाची संगणक प्रणाली) आणि डीस्पेस (डिजिटल भांडार चालवण्याची प्रणाली) एकदम आत्मसात करण्याचा आग्रह धरू नका. सर्व्हरची मांडणी आणि इतर भांडारांशी जोडणी हे सारे नंतर येईल.

आधी नोंद नीट करायला शिका. डब्लिन कोअर या नोंदीच्या प्रमाणित आराखड्याचे मूळ घटक 15 च आहेत, पण एकाच मार्गदर्शकाचे नाव एका प्रबंधात ‘कुलकर्णी, स. वि.’ आणि दुसऱ्यात ‘डॉ. एस. व्ही. कुलकर्णी’ असे गेले की शोधात त्या दोन व्यक्ती ठरतात आणि संशोधकाला निम्मे काम दिसतच नाही. नावे लिहिण्याची पद्धत पहिल्याच आठवड्यात लेखी ठरवून घ्या.

मराठी प्रबंध विशेष काळजीने तपासा. युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धती रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली पीडीएफ पडद्यावर सुबक दिसते, परंतु तिच्यातील एखादी ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली की बहुधा देवनागरीऐवजी निरर्थक रोमन चिन्हे उमटतात. असा प्रबंध शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर चढला तरी त्यातील मजकूर शोधून सापडत नाही. ही छोटी चाचणी प्रत्येक फाइलवर करा.

नवोदितांकडून वारंवार होणाऱ्या चुका:
- स्कॅनची मूळ प्रत टाकून केवळ लहान केलेली पीडीएफ जपणे;
- स्वामित्वहक्क न तपासता पुस्तके सर्वांसाठी खुली करणे;
- बॅकअप घेणे, पण तो उघडतो का हे कधीच न पाहणे.

संदर्भ विभागातील ज्येष्ठांजवळ रोज थोडा वेळ बसा. वाचक कोणत्या शब्दांत मागणी करतात, हे तेथेच कळते.